जुने रंधे शोधणे आणि चालते करणे : मराठवाड्यातल्या संग्राहकांसाठी

धागालेखक : रंधाप्रेमी, छत्रपती संभाजीनगर

जुन्या नाण्यांचे, पितळी भांड्यांचे आणि दिव्यांचे संग्राहक आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण सुताराच्या हत्यारांचा, विशेषतः रंध्यांचा, संग्रह करणारे मराठवाड्यात फार थोडे आहेत. विजेवर चालणारा रंधा आणि तयार प्लायवूड आल्यापासून हातरंधा कामावरून गेला आहे. ज्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, तिथून तो आता भंगारात जात आहे. म्हणून शोध कुठे घ्यावा, हाती आलेला रंधा कसा ओळखावा आणि तो दुरुस्त करताना कुठे थांबावे, या तीन गोष्टी इथे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो : रंधा चालता करावा, नवा करू नये.

आपल्या भागात रंधे दोन प्रकारचे मिळतात. पहिला प्रकार गावच्या सुताराने स्वतः घडवलेल्या लाकडी रंध्याचा. त्याचे अंग बाभळीचे, शिसमाचे किंवा सागाचे असते, पाते पाचरीने धरलेले असते आणि ते पाते पुष्कळदा गावच्याच लोहाराने जुन्या कानशीपासून किंवा गाडीच्या कमानपाट्यापासून बनवलेले असते. दुसरा प्रकार बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कारखानी रंध्याचा. मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तिच्या आसपास सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले आणि पुढे तंत्रशिक्षणाच्या शाळा निघाल्या. परदेशी रंधे बहुधा याच वाटांनी इकडे आले असावेत. त्यामुळे रेल्वेच्या गावांत, जुन्या जिनिंगच्या आवारांजवळ आणि शिक्षणसंस्थांच्या निरुपयोगी साहित्याच्या लिलावांत लक्ष ठेवल्यास हाती काही लागण्याचा संभव अधिक असतो. आठवडी बाजारात जुने लोखंड विकणाऱ्यांकडेही रंधे येतात, मात्र ते बहुधा पाते किंवा पाते खालीवर करणारे पितळी चाक नसलेले असतात.

ओळखीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. लोखंडी रंध्याची जी रचना आज सर्वत्र दिसते ती अमेरिकेतल्या लेनर्ड बेली यांची आहे. त्यांचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि पुढे जगभर त्याच रचनेच्या प्रती निघाल्या. पितळी चाक फिरवून पाते खालीवर करणे हा तिचा गाभा आहे. पाते आडवे सरळ करण्याची दांडी १८८० च्या दशकात आली, म्हणून ज्या रंध्याला मुळातच ती दांडी नाही तो त्याआधीचा असू शकतो. पात्याची तिरकी बैठक असते, तिला फ्रॉग म्हणतात. तिच्या मागे अंगावर पेटंटच्या तीन तारखा, त्यांतल्या दोन १९०२ च्या आणि एक १९१० ची, ओतलेल्या आढळल्या तर तो स्टॅन्ले साधारण १९१० ते १९१८ या काळातला समजावा. पात्यावर बदामाच्या आकारातली खूण असेल तर तो १९२० च्या दशकातला किंवा त्याच्या थोडा पुढचा आहे. पाते दाबून धरणाऱ्या पट्टीला, म्हणजे लीव्हर कॅपला, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारख्या सरळ भोकाऐवजी मूत्रपिंडाच्या आकाराचे भोक असेल तर ती पट्टी १९३३ नंतरची आहे. मी ‘ती पट्टी’ असे मुद्दाम लिहिले, कारण शंभर वर्षे वापरलेल्या हत्याराचे सुटे भाग बदललेले असतात आणि एका भागावरून संपूर्ण रंध्याचे वय ठरवता येत नाही.

आपल्याकडे अमेरिकेपेक्षा इंग्लंडचा माल अधिक दिसतो. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे बेली पद्धतीचे रंधे १९३१ पासून निघाले. त्यांचा निळा रंग आणि आकड्यापूर्वीचे शून्य, म्हणजे ०४, ०५, ०७, ही सहज ओळखता येणारी लक्षणे आहेत. स्टॅन्लेनेही १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये रंधे बनवण्यास प्रारंभ केला. ‘अनंत’ नावाचे भारतीय बनावटीचे रंधेही याच घडणीचे आहेत आणि त्यांना संग्रहात स्थान द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या सुतारकामाचा इतिहास त्यांच्यात आहे. आकड्यांचा अर्थ लांबीशी जोडलेला आहे : ४ क्रमांकाचा साफ करण्याचा रंधा सुमारे ९ इंच, ५ क्रमांकाचा १४ इंच, ६ क्रमांकाचा १८ इंच, ७ क्रमांकाचा २२ इंच आणि ८ क्रमांकाचा २४ इंच.

घेण्यापूर्वी तीन ठिकाणे उजेडात पाहावीत : तोंडाचे, म्हणजे तळातून पाते बाहेर येते त्या फटीचे, दोन्ही कोपरे, बाजूच्या भिंती आणि फ्रॉगखालची बैठक. बीड हातातून पडले की वाकत नाही, तडकते. तोंडाच्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी तडा तेलकट मळात दिसत नाही, म्हणून तिथे रॉकेलचा बोळा फिरवून पुसावे आणि वर खडूची पूड लावावी. तडा असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल काही मिनिटांत खडूवर रेघ होऊन उमटते. गंजाला घाबरण्याचे कारण नाही. मात्र पात्याच्या सपाट बाजूला धारेजवळ खोल खड्डे असतील, तर ते पाते केवळ मांडणीपुरते उरते.

प्रतिसाद : जालनेकर

रंधाप्रेमी, धागा अत्यंत आवश्यक होता. माझा संबंध भंगाराच्या व्यवसायाशी आहे, म्हणून तिकडची बाजू सांगतो. गावोगाव फिरणाऱ्याकडून माल वखारीत आला की बीड, पोलाद, पितळ आणि ॲल्युमिनियम वेगळे केले जाते. पितळाला भाव कितीतरी अधिक असल्यामुळे रंध्याचे पितळी चाक आणि मुठीच्या पितळी नट पहिल्याच हातात काढून घेतल्या जातात. तुम्हाला चाक नसलेले रंधे का मिळतात याचे उत्तर इथे आहे. त्यानंतर बीडाचे मोठे तुकडे भट्टीच्या सोयीसाठी घणाने फोडले जातात, आणि एकदा घण बसला की संग्राहकाने येऊन उपयोग नाही.

म्हणून वखारीत जाऊन ढीग उपसण्यापेक्षा पहिल्या हाताशी, म्हणजे फेरीवाल्याशी, संबंध ठेवावा. त्याला रंध्याचे छायाचित्र दाखवावे, ‘मोडू नका, चाक काढू नका, भंगाराच्या भावापेक्षा अधिक देतो’ एवढे स्पष्ट सांगावे आणि शब्द पाळावा. त्याने आणलेला पहिला रंधा तुमच्या कामाचा नसला तरी घ्यावा, म्हणजे तो पुढचाही आणतो. आमच्याकडची माणसे हत्यार ओळखतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी सुतारकाम झालेले आहे.

प्रतिसाद : पाचर, परभणी

आमच्या घरी सुतारकी आहे आणि मी स्वतः दारे-खिडक्यांचे काम करतो. कारखानी रंध्यांच्या तारखांवर तुम्ही एवढे लिहिले आणि लाकडी रंध्यांना दोन ओळी दिल्या, हे मला रुचले नाही. वाड्यांच्या चौकटी, तुळया, दारांवरच्या गलत्याच्या नक्षीदार पट्ट्या हे सगळे लाकडी रंध्यांचे काम आहे. सपाट रंधा कोठेही मिळेल, परंतु गलत्याचा रंधा, म्हणजे ज्याचा तळ आणि पाते नक्षीच्या उलट आकाराचे असते, तो प्रत्येक घराण्याचा वेगळा असे. असा रंधा हाती आला तर त्याच्या पात्याचा आकार कानशीने ‘सुधारू’ नये. त्या आकाराची पट्टी तालुक्यातल्या एखाद्या वाड्याच्या दारावर अजून असू शकते आणि ती जुळवता आली तर त्या सुतारघराण्याचे काम ओळखता येते.

लाकडी रंधा उघडण्याची रीत सांगतो, कारण पकडीने पाचर ओढून रंधे फोडलेले मी पाहतो. रंधा डाव्या हातात धरावा, अंगठा पाते आणि पाचर यांवर ठेवावा आणि मोगरीने रंध्याच्या मागच्या टोकावर ठोके द्यावेत. पाते मागे सरते आणि पाचर सैल होते. आपला उन्हाळा कडक असल्यामुळे अंग आटते आणि पावसाळ्यात ते फुगते. उन्हाळ्यात घट्ट ठोकून ठेवलेली पाचर पावसाळ्यात दोन्ही गालांवर, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, ताण देते आणि गाल उभे चिरतात. ठेवणीतल्या रंध्याची पाचर नेहमी हाताने दाबली जाईल एवढीच ठेवावी.

तळ झिजून तोंड रुंद झाले असेल तर तळ रंधून सपाट करण्याची घाई करू नये, कारण प्रत्येक वेळी तोंड आणखी रुंद होते. रंधा वापरायचा असेल तर तोंडापुढे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवावा. जुने सुतार हेच करीत. असा जुना तुकडा बसवलेला दिसला तर तो दोष समजून काढू नका, ती त्या हत्याराची हकिगत आहे.

रंधाप्रेमी

पाचरदादा, तुमची हरकत मान्य आहे आणि गलत्याच्या रंध्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते संग्राहकाने वहीत उतरवून घ्यावे असे आहे. त्याला एक जोड देतो. लाकडी रंध्यातले जुने इंग्रजी पाते मिळाले आणि त्यावर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असला तर ते बीड आहे असा समज होऊ देऊ नये. ते मुशीत वितळवून केलेले उत्तम पोलाद आहे. ही पद्धत शेफील्डला अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन यांनी बसवली. अशी पाती मऊ लोखंडाच्या पाठीवर पोलादाचा पातळ थर जोडून केलेली असत आणि धारेकडे जाड, वर पातळ होत जात. निसण्यावर धार लावल्यानंतर उताराच्या भागाकडे तिरप्या उजेडात पाहावे : खाली चकचकीत करडी पट्टी आणि वर किंचित धुरकट, रेषा-रेषांचे लोखंड, आणि दोहोंमधली सीमा अगदी स्पष्ट. ते पाहिल्यावर असे पाते कोणी विजेच्या सहाणेवर निळे पडेपर्यंत घासावे असे वाटणार नाही. निळा रंग आला म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत तापून पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले, आणि ती धार पुढे टिकत नाही.

प्रतिसाद : नवा संग्राहक, बीड जिल्हा

मला रेकॉर्डचा ०५ मिळाला आहे. गंज सर्वत्र आहे, मागची मूठ मोडली आहे, निळा रंग निम्मा उडाला आहे. सर्व रंग काढून, तळ आरशासारखा करून आणि नवा निळा रंग देऊन तो दिवाणखान्यात ठेवावा असा विचार आहे. कृपया क्रम सांगावा.

रंधाप्रेमी

क्रम सांगतो, पण आधी विनंती : उरलेला निळा रंग काढू नका. तो कारखान्यातला रंग आहे आणि एकदा गेला की परत मिळत नाही. जिथे रंग उडाला आहे तिथे गंज थांबवून तेलाचा हात द्यावा, एवढे पुरे होते.

प्रथम सर्व भाग सुटे करावेत आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला त्याची नोंद ठेवावी. अडकलेल्या स्क्रूवर रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे आणि खाचेत पूर्ण बसणारा पेचकस वापरावा. पितळी चाकाला बहुधा डावे आटे असतात, म्हणजे ते आपल्या सवयीच्या उलट दिशेने सुटते. जोर लावण्याआधी हे लक्षात घ्यावे. अंगावरचा मळ रॉकेल आणि पितळी ब्रशने काढावा. साधा तांबूस गंज तारेच्या बारीक लोकरीने आणि तेलाने निघतो आणि खालचा काळसर मुलामा राहतो, जो मला राखावासा वाटतो.

गंज जाड असेल तर लिंबूफूल वापरावे : एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम. भाग त्यात बुडवून तासातासाने काढून पाहावा, कारण अधिक वेळ राहिल्यास आम्ल गंज संपवून लोखंडालाच खाऊ लागते आणि पृष्ठभाग खरखरीत, राखी होतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवावे, लगेच कोरडे करावे आणि ऊन देऊन शिलाई मशीनचे तेल लावावे. रंगाच्या खाली गंज शिरलेला असेल तिथे या पाण्याने रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून तुमच्या रंध्याचे अंग बुडवू नका. फक्त तळ आणि बाजू याच लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने झाकून तेवढ्याच साफ कराव्यात.

विजेने गंज काढण्याची पद्धतही प्रचलित आहे. धुण्याच्या सोड्याचे पाणी, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, रंध्याला ऋण टोक आणि समोर साध्या लोखंडाच्या सळईला धन टोक. इथे दोन गोष्टी जिवावर बेततात. सळईऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा डबा लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि सोड्याऐवजी मीठ टाकू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. शिवाय हायड्रोजन निघतच असतो, म्हणून काम उघड्यावर करावे आणि जवळ विडी-काडी नसावी. या पद्धतीने जुना रंगही सुटतो, त्यामुळे ज्याचा रंग आधीच संपूर्ण गेला आहे अशाच अंगासाठी ती ठेवावी.

तळाबद्दल मतभेद आहेत, म्हणून माझे मत देतो. दिवाणखान्यात ठेवायच्या रंध्याचा तळ घासूच नये. वापरायचा असेल तर जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवावा, तळावर पेनाने आडव्या रेघा ओढाव्यात आणि पाते आत ओढून, पण लीव्हर कॅप घट्ट बसवून घासावे, कारण त्या ताणाने अंगाला किंचित बाक येतो आणि तो धरूनच तळ सपाट झाला पाहिजे. पुढचे टोक, तोंडाच्या पुढची कडा आणि मागचे टोक या तीन ठिकाणच्या रेघा पुसल्या गेल्या की थांबावे. मधल्या भागात खोलगट जागा राहिली तरी रंधा उत्तम चालतो.

प्रतिसाद : निवृत्त टर्नर, नांदेड

वरील माहितीत आट्यांचा विषय राहिला, तो माझ्या कामाचा आहे. स्टॅन्लेच्या मुठीच्या दांड्यांना आणि फ्रॉगच्या स्क्रूंना १२ नंबर जाडीचे, इंचाला २० असे आटे आहेत, आणि लीव्हर कॅपच्या स्क्रूला ९/३२ इंच जाडीचे, इंचाला २४ आटे. हे दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही मेट्रिक बोल्टशी जुळत नाहीत. हरवलेल्या स्क्रूच्या जागी सहा मिलिमीटरचा टॅप फिरवून भोक मोठे केलेले रंधे माझ्याकडे येतात आणि मला वाईट वाटते, कारण मूळ स्क्रू उद्या मिळाला तरी तो तिथे पुन्हा बसणार नाही.

याला उपाय सोपा आहे. इंची आटे पाडता येणारे लेथ अजून पुष्कळ वर्कशॉपांत आहेत. नमुन्यासाठी एक चांगला स्क्रू सोबत न्यावा, आटे गेजने मोजून घ्यावेत आणि पितळी गोल सळईतून नट, किंवा साध्या पोलादातून दांडी, करून घ्यावी. रेकॉर्डचे किंवा भारतीय रंध्यांचे आटे तेच असतील असे गृहीत धरू नये. आणि नवा केलेला भाग कोणता, हे कागदावर लिहून रंध्यासोबत ठेवावे. आतल्या बाजूला लहानशी खूण केली तर अधिक चांगले.

प्रतिसाद : जवस, लातूर

मोडलेल्या मुठीबद्दल लिहिते. तुटीच्या दोन्ही बाजूंवर वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, त्यामुळे साधा गोंद धरत नाही. दोन्ही बाजू थिनरने पुसून कोरड्या कराव्यात, एपॉक्सी लावावे आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून ताण द्यावा. मुठीच्या वळणामुळे शिकंजा नीट बसत नाही. तुटीची कडा घासून सपाट करू नये, कारण तुटलेले तंतूच एकमेकांत नेमके बसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकन रंध्यांच्या मुठी बहुधा रोझवूडच्या आहेत. एखादा तुकडा हरवला असेल तर आपल्याकडचे शिसम रंगाने आणि वजनाने त्याला पुष्कळ जवळचे आहे.

लाकडाला मी घाण्याचे जवसाचे तेल देते. आपल्या भागात ते सहज मिळते. एक अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने पुसून घ्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात वाळायला आठवडेही लागतात, तेव्हा चिकट वाटते म्हणून वर दुसरा हात देऊ नये. एक इशारा कळकळीने देते : तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते. फडके उघडे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. लोखंडाला मात्र जवस लावू नये, ते पुढे चिकट होते.

पाचर, परभणी

धारेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. धार न लावलेला रंधा चालता झाला असे मी म्हणणार नाही. आधी पात्याची सपाट बाजू, धारेजवळचा बोटभर भाग, निसण्यावर पूर्ण सपाट करावी. मग २५ अंशांचा उतार आणि अगदी टोकाला ३० अंश. वरचा चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर बसवलेली छिलका वळवणारी पट्टी, पात्यावर असा टेकला पाहिजे की दोहोंमधून उजेड दिसू नये, नाहीतर छिलका तिथेच अडकतो. जाड कामाला तो धारेपासून दीड मिलिमीटर मागे आणि साफ कामाला अर्ध्या मिलिमीटरवर ठेवावा. बाभूळ आणि शिसम यांचे तंतू उलटसुलट असतात, तिथे हे अंतर कमी केल्याशिवाय लाकूड उचकटणे थांबत नाही. सागात नैसर्गिक वाळूचा अंश असतो, तो धार लवकर मारतो. तेव्हा पाते वाईट आहे असा निष्कर्ष सागावरून काढू नये.

आणि अंगावर खिळ्याने ठिपके मारून काढलेली अक्षरे किंवा खूण असेल तर ती घासू नका. एकाच कामावर अनेक सुतार असत, म्हणून प्रत्येकाने आपल्या हत्यारावर खूण केलेली असे.

नवा संग्राहक, बीड जिल्हा

सर्वांचे आभार. रंग काढणार नाही. तुम्ही लिहिल्यानंतर मूठ काढून पाहिली, तर तिच्या खाली बीडावर ठिपक्यांनी ‘ग’ आणि शेजारी एक आडवी रेघ आहे. ज्या घरातून रंधा मिळाला तिथे विचारता येईल. नोंद कशी ठेवावी?

रंधाप्रेमी

जरूर विचारा, आणि घरातले वडीलधारे आहेत तोवर विचारा. नोंदीत रंधा कोणत्या गावातून आला, कोणत्या कामाला वापरला गेला, सोबत आणखी कोणती हत्यारे होती, हे लिहावे; घराण्याचे नाव त्यांची संमती असेल तरच लिहावे. साफ करण्याआधीची छायाचित्रे सर्व बाजूंनी घ्यावीत, त्यांत मुठीखालची ती खूण तिरप्या उजेडात जवळून घ्यावी. नंतर काय काढले, काय बदलले, कोणते तेल लावले, याची ओळ तारखेसह लिहावी. कागद रंध्याला चिकटवू नका, दोऱ्याने मुठीला बांधा. ‘ग’ कोणाचा हे कळले तर इथे कळवा; त्याच गावातून त्याच खुणेचे दुसरे हत्यार कोणाकडे आले असेल तर दोन्ही जुळवून पाहता येतील.